स्टिअरिंग ढिलं की जड? आधी बॉक्सवरचा पाना खाली ठेवा

जुन्या गाड्यांच्या स्टिअरिंगबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. गाड्या वेगवेगळ्या, तक्रारीही वेगवेगळ्या. पण बहुतेक पत्रांत एक वाक्य हटकून येतं, ‘मेकॅनिकने बॉक्स टाइट करून दिला’. या वाक्याची धास्तीच वाटते. बॉक्स म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडच्या दांड्यांपर्यंत पोचवणारी दातांची पेटी. तिच्यावरचा स्क्रू हाताला सगळ्यात आधी लागतो, म्हणून सगळ्यात आधी फिरवला जातो. खरं तर तो सगळ्यात शेवटी फिरवायचा असतो. ढिलाई खालच्या सांध्यांत असताना वरचा स्क्रू आवळला, की ढिलं स्टिअरिंग ढिलंही राहतं आणि वर जडही होतं.

प्रश्न : वडिलांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी आहे. सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सारखं डावी-उजवीकडे हलवत राहावं लागतं. सी लिंकवर वारा असला की गाडी लेनमध्ये ठेवणं कठीण जातं. बॉक्स बदलायला सांगतायत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एक जुना बॉक्स मिळतोय. घेऊ का? (दादर)

आधी मोजा, मग ठरवा. चाकं सरळ, इंजिन बंद. डॅशबोर्डला एक ताठ तार चिकटवून तिचं टोक स्टिअरिंगच्या कडेजवळ आणा. दोन बोटांनी स्टिअरिंग डावीकडे इतकंच फिरवा की पुढचा टायर हलायच्या बेतात येईल. तिथे कडेवर खडूची खूण करा. मग तसंच उजवीकडे नेऊन दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमचा प्ले, चाक न हलता स्टिअरिंग रिकामं फिरतं तेवढा.

स्टिअरिंगचा व्यास ४०० मिमी धरला तर परीघ साधारण १,२५७ मिमी होतो, म्हणजे दर साडेतीन मिलिमीटरला एक अंश. पद्मिनीसारख्या वर्मच्या (स्टिअरिंगच्या शाफ्टवरच्या स्क्रूसारख्या दातांच्या) बॉक्सला २० ते २५ मिमी प्ले असणं काही वावगं नाही. तो अजिबात नसेल तरच शंका घ्यावी. ४० मिमीच्या पुढे गेला तर कारण शोधल्याशिवाय हायवेला जाऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९८ प्रमाणे ३० अंशांपर्यंतचा प्ले चालतो. तुमच्या स्टिअरिंगवर तो जवळजवळ १०५ मिमी भरतो, अंगठ्यासकट पंजा आडवा ठेवा, तेवढा. त्यामुळे नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी पास झाली, एवढ्यावरून स्टिअरिंग ठीक आहे असं समजू नका.

आता ढिलाई नेमकी कुठे आहे ते शोधायचं. याला दोन माणसं लागतात आणि शक्यतो गॅरेजचा खड्डा किंवा रॅम्प. चाकं जमिनीवर टेकलेलीच हवीत. गाडी जॅकवर लटकवली की सांध्यांवरचा भार निघून जातो आणि झिजलेला सांधाही शहाण्यासारखा वागतो. एकाने आत बसून स्टिअरिंग फक्त त्या प्लेपुरतं, सावकाश, इकडून तिकडे हलवत राहायचं. दुसऱ्याने खाली एकेका सांध्यावर अंगठा आणि तर्जनी अशी ठेवायची की अंगठा एका तुकड्यावर येईल आणि तर्जनी दुसऱ्यावर. सांधा चांगला असेल तर दोन्ही बोटं एकत्र सरकतात, काही कळतही नाही. झिजलेला असेल तर एक बोट आधी हलतं, दुसरं मागून येतं आणि मध्ये बारीकसं ‘टक्’ लागतं. डोळ्यांना न दिसणारा अर्धा मिलिमीटरही बोटांना कळतो.

सुरुवात बॉक्सपासून करा, पण आत नाही, बाहेर. पद्मिनीला वेगळी चॅसी नाही. बॉडीच चॅसीचं काम करते आणि बॉक्स तिच्याच पत्र्याला बोल्टने बसवलेला असतो. स्टिअरिंग हलवताना अख्खा बॉक्स पत्र्यासकट श्वास घेतल्यासारखा हलतोय का, ते बघा. वॉशरभोवती तपकिरी भुकटी किंवा रंगाला गेलेली केसासारखी चीर दिसली तर बोल्ट बऱ्याच दिवसांपासून ढिले आहेत, नाहीतर पत्रा गंजून फाटतोय. मुंबईच्या खाऱ्या हवेत दुसरी शक्यता मुळीच लांबची नाही. फाटलेल्या पत्र्यावर नवा बॉक्स बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी तिथे जाड पत्र्याची पट्टी घालून वेल्डिंग करून घ्या.

मग ड्रॉप आर्म (बॉक्समधून बाहेर आलेला हलणारा दांडा), मधला रॉड, डाव्या बाजूचा आयडलर आर्म (मधल्या रॉडचं दुसरं टोक धरणारा) आणि टाय रॉडची (चाकांना जोडणाऱ्या दांड्यांची) सगळी टोकं, या क्रमाने जा. पद्मिनीत आयडलर आर्मकडे बघायचं राहून जातं. टाय रॉड एंड नवे पडतात, अलाइनमेंट होते, पण आयडलरचा बुश जुनाच. मग मधल्या रॉडचं डावं टोक प्रत्येक खड्ड्यात वर-खाली होतं आणि त्यासोबत डाव्या चाकाचा टो-इन (चाक पुढून किती आत वळलंय ते माप) बदलत राहतो. तुमची गाडी वाऱ्यात भरकटते ती बहुधा यानेच. तो आर्म हाताने धरून वर-खाली हलवा. बुश चांगला असेल तर हालचाल जाणवतच नाही.

टाय रॉड एंड बदलताना दोन गोष्टी सांभाळा. पिनचा टेपर (निमुळता भाग) आणि आर्मचं भोक, दोन्ही कापडाने कोरडी पुसून घ्या. तिथे ग्रीस लावायचं नाही. नट आवळल्यावर स्प्लिट पिन नवीच घाला. भोक जुळत नसेल तर नट थोडा आणखी आवळा, पिनेसाठी मागे फिरवू नका. जुना सांधा सोडवायला पिनच्या आट्यांवर हातोडा मारायचा नाही. आर्मच्या डोळ्याला एका बाजूने जड हातोडा टेकवा आणि समोरून दुसरा मारा, टेपर आपोआप सुटतो.

नंतर चाकं. एकेक पुढचं चाक जॅकवर उचला, खाली घोडी लावा. टायर वर आणि खाली धरून हलवा. हललं तर मदतनिसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. हलणं थांबलं तर हबचं बेअरिंग ढिलं आहे. ब्रेक दाबूनही हलत असेल तर किंगपिन (चाक जिच्याभोवती वळतं ती उभी पिन) आणि तिचे बुश गेलेत. या एका चाचणीने निम्मे वाद मिटतात. बेअरिंग टेपर रोलरचं असेल तर चाक फिरवत फिरवत नट आवळा म्हणजे रोलर नीट बसतील, मग साधारण एक-षष्ठांश फेरा मागे घ्या आणि नवी पिन घाला.

एवढं सगळं ठीक निघालं, स्टिअरिंग फिरतंय आणि ड्रॉप आर्म मागून हलतोय असं डोळ्यांनी दिसलं, तरच बॉक्सकडे या. तिथेही दोन वेगळे प्ले असतात. स्टिअरिंग दोन्ही हातांनी अंगाकडे ओढा आणि दाबा. शाफ्ट पुढे-मागे सरकला तर वर्मच्या टोकाची बेअरिंग ढिली आहेत. ते आधी काढायचं, बॉक्सच्या टोकाच्या झाकणाखालची शिम (जाडी जुळवायची पातळ चकती) कमी करून. त्यानंतरच वरचा स्क्रू : चाकं सरळ, मधला रॉड ड्रॉप आर्मपासून सुटा, लॉकनट ढिला करून स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून कमी. प्रत्येक वेळी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फिरवून बघा. मधोमध हलकासा विरोध चालतो, कुठेही अडकलेलं चालत नाही.

आता सीएसटी रोडवरचा बॉक्स. बॉक्स सुटा हातात मिळतोय हे तुमचं भाग्य, त्याचा फायदा घ्या. शाफ्ट एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फिरवून फेरे मोजा, त्याच्या निम्म्यावर आणून थांबा. तिथे ड्रॉप आर्मचा शाफ्ट पकडून हलवा. मग टोकाजवळ नेऊन पुन्हा हलवा. मध्ये ढिला आणि टोकांना घट्ट असेल तर त्याचा वर्म मधोमध खाल्लेला आहे, तुमच्या बॉक्सपेक्षा वाईटही असू शकेल. फिरवताना वाळू दळल्यासारखं वाटलं तर आतल्या पृष्ठभागावर खड्डे पडलेत. प्लग उघडून काडी घाला. तांबूस पाणी लागलं तर दुकानदाराला राम राम करा. पद्मिनी कुर्ल्यातच बनायची आणि शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा बाजारात फिरणारे बरेचसे बॉक्स टॅक्सीतून निघालेले असणार. त्यांनी किती किलोमीटर काढले असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

प्रश्न : पद्मिनीचंच स्टिअरिंग ढिलं होतं म्हणून बॉक्स टाइट करून घेतला. आता वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही, हाताने परत आणावं लागतं. सोसायटीत गाडी लावताना तर घाम फुटतो. ढिलेपणा थोडा कमी झाला, गेला नाही. (मुलुंड)

बॉक्स जास्त आवळला गेलाय हे जवळपास नक्की, पण एकट्या त्यालाच दोष देण्याआधी अर्ध्या तासाची तपासणी करा.

दोन्ही पुढची चाकं उचला, गाडी घोड्यांवर ठेवा आणि स्टिअरिंग फिरवा. हवेत हलकं आणि जमिनीवर जड असेल तर दोष भाराशी संबंधित आहे : टायरमधली हवा, टायरची रुंदी, टो-इन, किंवा किंगपिनखालचं थ्रस्ट बेअरिंग. हवेतही जड असेल तर मधला रॉड ड्रॉप आर्मपासून सोडा. आता गाडीचे दोन भाग झाले. वर स्टिअरिंग फिरवा, खाली चाकं हाताने फिरवा. जो भाग जड, दोष त्याच्यात.

वरचा भाग जड असेल तर स्क्रूचा लॉकनट सोडून स्क्रू पाव फेरा मागे घ्या. हलकं झालं? मग उत्तर मिळालं. नाही झालं तर कॉलमचा डॅशबोर्डखालचा ब्रॅकेट सोडून बघा. कॉलम वाकडा आवळला की शाफ्ट बुशमध्ये एका बाजूला घासतो आणि स्टिअरिंग प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी जड लागतं. ब्रॅकेट सोडल्यावर कॉलम उडी मारून बाजूला सरकला तर तो ताणात होता असं समजा. आधी बॉक्सचे बोल्ट, मग ब्रॅकेट, या क्रमाने आवळा.

आता वर्म मध्येच का झिजतो आणि त्याने काय होतं, ते समजून घ्या. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून वर्मचा मधला भागच घासला जातो. टोकांकडचा जवळपास नवाच राहतो. मधला प्ले शून्य करायला स्क्रू आवळला की टोकांना दात एकमेकांत रुततात. वळणावर बॉक्स आवळतो आणि स्टिअरिंग परत येत नाही, तुमची तक्रार तीच. अशा बॉक्समध्ये मध्ये थोडा प्ले ठेवायचा आणि टोकांना मोकळं ठेवायचं. तो प्ले सहन होत नसेल तर वर्म आणि सेक्टर शाफ्ट (वर्मच्या दातांत बसून ड्रॉप आर्म फिरवणारा) जोडीने बदलायला हवेत. जबरदस्तीने आवळलेल्या बॉक्सवर काही महिने गाडी चालवली तर उरलेसुरले दातही जातात.

आणि तेल बघा. बॉक्समध्ये ईपी ९० गिअर ऑइल प्लगच्या काठापर्यंत असायला हवं. ड्रॉप आर्मच्या शाफ्टचं सील गळतं म्हणून आत ग्रीस कोंबायची पद्धत सर्रास आहे. वर्म ते ग्रीस बाजूला ढकलतो, ते भिंतींना चिकटून बसतं आणि दातांपर्यंत पुन्हा येतच नाही. बॉक्स ग्रीसने गच्च भरलेला आणि वर्म मात्र कोरडा. सील बदलणं हे खरं काम. ते होईपर्यंत दर आठवड्याला तेल भरा. खाली पडलेल्या डागांपेक्षा कोरडा वर्म महाग पडतो.

प्रश्न : किंगपिन आणि बुश नवे टाकले, ग्रीसही भरलं. तरी स्टिअरिंग आधीपेक्षा जड आहे. ‘नवं आहे, चालवून चालवून मोकळं होईल’ असं सांगतात. (गिरगाव)

होणार नाही. आणि झालंच, तर बुश खाऊन होईल.

वर आणि खालचा बुश दाबून बसवल्यावर दोन्हींमधून एकच लांब रीमर (भोक मापात कापणारं हत्यार) एका दमात काढावा लागतो, तरच दोन भोकं एका रेषेत येतात. वेगवेगळे रीम केले, किंवा घासकागदाने ‘मोकळे’ केले, तर पिन प्रत्येक बुशमध्ये सुटी फिरते आणि दोन्हींत घातली की अडकते. योग्य बसवलेली पिन अंगठ्याच्या दाबाने सरकत आत जाते. हातोडा लागत नाही आणि स्वतःच्या वजनाने खालीही पडत नाही.

बुशचं ग्रीसचं भोक निपलच्या (ग्रीस भरायच्या तोंडाच्या) भोकासमोर आलंय का? ही चूक इतकी नेहमीची आहे की वेगळी सांगावी लागते. भोक फिरलेलं असेल तर ग्रीस गन दाबल्यावर दांडा कडक लागतो, निपलच्या तोंडाभोवती ग्रीस फुगून बाहेर येतं आणि आपण ‘भरलं’ म्हणून मोकळे होतो. आत थेंब गेलेला नसतो. खूण एकच : वरून आणि खालून, दोन्ही कडांतून ताज्या ग्रीसची कडी उमटली पाहिजे. एकाच कडेला आली तर दुसरा बुश कोरडा आहे.

ग्रीस मारताना चाक जॅकवर उचललेलं असू द्या. चाक जमिनीवर असलं तर थ्रस्ट बेअरिंगवर गाडीचं वजन दाबलेलं असतं आणि ग्रीसला तिथे शिरायला फटच नसते. थ्रस्ट बेअरिंगचं झाकण वरच्या बाजूला हवं. उलटं बसलं तर पावसाचं पाणी वाटीसारखं साठतं. तेही ठीक असेल तर वरच्या शिमची जाडी तपासा. पातळ फीलर गेज जेमतेम शिरेल एवढी फट लागते. शिम जाड पडली की सगळं आवळून बसतं.

जुन्याच किंगपिन असतील आणि निपल दाद देत नसेल, तर निपल काढून तारेने वाट मोकळी करा, आत गंज सोडवणारं पातळ तेल सोडा, रात्रभर ठेवा आणि सकाळी नवं निपल लावून ग्रीस मारा. निपल ही गाडीतली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे. साफ करत बसू नका, बदला.

प्रश्न : १९८५ची अँबेसेडर. स्टिअरिंगला प्ले फार नाही, पण पेव्हर ब्लॉकवरून जाताना हातात खडखड येते आणि गचके बसतात. पद्मिनीसारखा स्क्रू आवळून घ्यावा का? (माटुंगा)

तुमच्या गाडीत तो बॉक्सच नाही. अँबेसेडर मॉरिस ऑक्सफर्डवरून आली आणि तिच्यासोबत रॅक-पिनियन (दातेरी पट्टी आणि तिला सरकवणारं छोटं गिअर) स्टिअरिंगही आलं. रॅक रस्त्याचा धक्का वर्मच्या बॉक्सपेक्षा जास्त हातापर्यंत पोचवतो. त्यामुळे पद्मिनीवरून अँबेसेडरवर आलेल्याला थोडी थरथर जाणवणारच. ती दोष नव्हे. ‘खडखड’ मात्र दोष आहे.

आधी रॅक गाडीला धरून ठेवणारे क्लॅम्प बघा. स्टिअरिंग हलवताना रॅकची नळीच आडवी सरकत असेल तर क्लॅम्प ढिले आहेत. मग रबरी बूट. दोन्ही टोकांचे बूट बोटांनी पिळून बघा, घडीतली बारीक चीर वरवर दिसत नाही. बूट फाटला की तेल बाहेर, पाणी आणि रेती आत. बुटावरून आतला बॉल जॉइंट चिमटीत धरा आणि मदतनिसाला चाक धरून हलवायला सांगा. चिमटीत ठोका लागला तर खडखड तिथली.

तिथेही काही सापडलं नाही तर डॅम्पर. पिनियनसमोर रॅकला मागून दाबून धरणारी एक गुटखी आणि स्प्रिंग असते, तिच्या झाकणाखाली शिम असतात. झिजलेल्या रॅकमध्ये एक पातळ शिम कमी केली की खडखड थांबते. एकच. मग चाकं उचलून टोकापासून टोकापर्यंत फिरवा. टोकांकडे जड झालं तर रॅकचे दात मध्ये गेलेत आणि शिम परत घालावी लागेल; पद्मिनीच्या वर्मची गोष्ट इथेही तीच. रॅकमध्येही ईपी ९० तेलच, ग्रीस नाही. आणि नवा बूट बसवताना चाकं सरळ ठेवा, नाहीतर तो पूर्ण वळणावर ताणून फाटतो.

प्रश्न : स्टँडर्ड हेरल्ड चार वर्षं उभी होती. आता पूर्ण सर्व्हिसिंग केलं, सगळीकडे ग्रीस मारलं. स्टिअरिंग दगडासारखं जड आहे. (वांद्रे)

गाडी रस्त्यावर काढू नका, एक फेरीसुद्धा नाही.

हेरल्डच्या पुढच्या चाकाच्या खांबाचं खालचं टोक आट्यांचं असतं आणि ते पितळी ट्रनियनमध्ये फिरतं. म्हणजे स्टिअरिंग वळवताना खांब स्क्रूसारखा आत-बाहेर होतो. या जागेला ग्रीस नको, गिअर ऑइल हवं, ईपी ९०. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, पाणी पोचतं. आटे गंजतात, ट्रनियन धरतो आणि तरीही स्टिअरिंग जोर लावून फिरवलं तर खांब आट्यांपाशी तुटतो. चाक आडवं होऊन गाडी नाकावर बसते. हेरल्ड लहान वर्तुळात वळते म्हणून तिचं कौतुक होतं, पण चाकं इतकी वळतात म्हणजे या आट्यांना कामही तेवढंच जास्त.

खांब काढून ट्रनियन सोडा. आटे तारेच्या ब्रशने साफ करा आणि उजेडात फिरवून बघा. आट्यांच्या वरच्या कडेपाशी कमरेसारखा बारीकपणा, खड्डे किंवा चीर दिसली तर खांब भंगारात टाका. त्याला वेल्डिंग करून देणारा भेटेल, त्याच्याकडे जाऊ नका. स्टिअरिंगच्या कुठल्याही तुकड्याला वेल्डिंग, तापवणं किंवा वाकवणं नकोच. बाकी सगळं ठीक असेल तर ट्रनियनचं खालचं झाकण, सील आणि ट्रनियन नवे घ्या. डावा-उजवा बदलू नका, दोघांचे आटे उलट दिशेचे असतात. तेल भरून ट्रनियन पूर्ण आत फिरवा, मग दोन्हीकडे पूर्ण वळण मोकळं मिळेल इतका मागे घ्या. तळालाच बसवून ठेवला तर एका बाजूचं वळण अडेल.

पुढे तेल भरायला ग्रीस गनमध्ये गिअर ऑइल घालतात. गन थोडी गळते, खाली वर्तमानपत्र पसरा. उभ्या गाडीला किलोमीटर मोजून उपयोग नाही, दर तीन महिन्यांनी भरा.

प्रश्न : जुलैत हिंदमाताच्या पाण्यात गाडी अडकली, हबच्या वर पाणी होतं. इंजिन, ब्रेक सगळं बघून घेतलं. स्टिअरिंगचं काही करावं लागतं का? (परळ)

त्याच आठवड्यात करायला हवं होतं, पण अजूनही करा. गरम सांधे थंड पाण्यात बुडले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. बॉक्सचा प्लग उघडून थोडं तेल चमच्यावर घ्या. चहासारखं दुधाळ असेल तर सगळं काढून नवं भरा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा बघा. किंगपिन आणि निपल असलेल्या प्रत्येक सांध्यात जुनं ग्रीस आणि पाणी बाहेर पडून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत मारा. हबची बेअरिंग काढून धुऊन पुन्हा ग्रीस भरा. टाय रॉड एंडच्या रबरी टोप्या फाटल्या असतील तर टोप्यांवर भागवू नका, पाणी आत गेलेला सांधाच बदला. नियम ९८ मध्ये बॉल जॉइंटला रबरी टोपी असलीच पाहिजे असं म्हटलंय, हेही ध्यानात ठेवा. यापुढे पावसाळ्याआधी एकदा आणि गणपती झाल्यावर एकदा, असं दोनदा ग्रीसिंग करा. मधल्या काळात दीड-दोन हजार किलोमीटरला.

प्रश्न : जुन्या जीपची चाकं ताशी ४० किमीच्या आसपास नाचायला लागतात, स्टिअरिंग हातातून सुटेल असं वाटतं. स्टिअरिंग डॅम्पर लावू का? (चेंबूर)

डॅम्पर लावला तर नाचणं लपेल, झिजलेला सांधा तसाच राहील. आधी टायर आणि चाकांचं बॅलन्सिंग. मग जीपचा खास दुखरा कोपरा, पुढच्या क्रॉस मेंबरवर बसवलेली बेल क्रँक. बॉक्सकडून येणारा रॉड आणि चाकांकडे जाणारे रॉड तिथे मिळतात आणि तिच्या पिनमधला जरासा ढिलेपणा चाकांपर्यंत पोचेस्तोवर मोठा होतो. मग पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) शॅकल बुश आणि यू-बोल्ट.

शेवटी किंगपिनची बेअरिंग, शिमने आवळून. टाय रॉड सोडल्यावर चाकाचा नकल (चाक धरून वळणारा भाग) बोटाने ढकलून सहज झुलत असेल तर तो ढिला आहे. शिम कमी केल्यावर तो सावकाश, थोडा विरोध करत फिरला पाहिजे. वर आणि खाली शिम सारख्याच कमी करा. एकाच बाजूने काढल्या तर अ‍ॅक्सल मध्यावर राहत नाही आणि आतलं तेलाचं सील घासतं.

प्रश्न : पद्मिनीला ३३० मिमीचं स्पोर्ट्स स्टिअरिंग आणि रुंद रेडियल टायर लावले. दिसतं छान, पण वळवताना जड. काय करावं? (बोरिवली)

मूळचं ४०० मिमी होतं असं धरलं तर निव्वळ व्यासामुळे हाताला सुमारे २१ टक्के जास्त जोर लागतो. टायरची रुंदी त्याच्या वर. गाडीत बिघाड काही नाही, गणित आहे.

मूळ स्टिअरिंग परत लावा. टायर मूळच्या ५.२०-१४ ला जवळचे घ्या. रेडियल ठेवायचेच असतील तर पुस्तिकेतला हवेचा आकडा क्रॉसप्लाय (रेडियलआधीच्या जुन्या पद्धतीच्या) टायरचा आहे हे लक्षात घेऊन दोन ते चार पीएसआय वाढवा. एका अ‍ॅक्सलवर एक रेडियल आणि एक क्रॉसप्लाय असं कधीच नको. मागच्या पाट्यांत जादा पान घातलंय का, तेही बघा. मागून गाडी उंच झाली की पुढचा कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, स्टिअरिंग हलकं लागतं पण सरळ राहत नाही. ‘हलकं करायचा उपाय’ म्हणून कुणी हे सुचवलं तर ऐकू नका.

पार्किंगमध्ये गाडी जागेवर उभी ठेवून स्टिअरिंग फिरवायची सवय असेल तर ती सोडा. गाडी हातभर पुढे-मागे सरकत असताना फिरवा, निम्मा जोरही लागत नाही.